गर्भांतील पेशींची यात्रा

खुडूक कोंबडीखालीं ठेवलेलें अंडें एकवीस दिवसांनीं फुटतें व त्यांतून चोंच, डोळे, पंख आणि पाय असलेलें पिलूं बाहेर पडतें, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. परिचयानें आश्चर्य बोथट होतें. म्हणून या गोष्टीकडे आपण क्षणभर नव्या नजरेनें पाहूं. अंडें घातलें जातें त्या वेळीं त्याच्या पिवळ्या बलकावर एक पांढुरका ठिपका असतो. तोच पुढें होणाऱ्या पिलाचा गर्भ होय. त्या ठिपक्यांत हाड नाहीं, रक्त नाहीं, डोळा नाहीं. केवळ हजारों सूक्ष्म पेशींची एक पातळ चकती आहे. कवचाच्या आंत कोणी कारागीर शिरत नाहीं. बाहेरून मिळते ती फक्त ऊब आणि कवचाच्या छिद्रांतून जाणारी हवा. असें असतां दुसऱ्याच दिवशीं त्या चकतींत हृदय उडूं लागतें! ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं अंडीं फोडून हें पाहिलें होतें, व तिसऱ्या दिवसानंतर रक्ताच्या ठिपक्याप्रमाणें दिसणारें हृदय हालतें असें नमूद करून ठेविलें होतें.

पेशींची संख्या वाढली म्हणजे शरीर तयार झालें, असें नव्हे. विटांचा ढीग कितीहि मोठा झाला तरी तो वाडा होत नाहीं. प्रत्येक वीट आपल्या जागीं गेली पाहिजे व शेजारच्या विटेस घट्ट धरून राहिली पाहिजे. गर्भाच्या बाबतींत नवल हें कीं, येथें विटाच चालतात! त्या आपल्या जन्मस्थानापासून निघतात, लांबचा प्रवास करितात, योग्य ठिकाणीं थांबतात व तेथें शेजारणींचे हात धरून स्थिर होतात. हें सर्व कोणाच्या आज्ञेनें व कोणत्या साधनांनीं घडतें, तें या लेखांत यथामति सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय कांहींसा कठीण असला तरी त्याचा संबंध घरोघरच्या सुखदुःखाशीं येतो, हें लेखाच्या उत्तरार्धावरून दिसून येईल. पालकांनींहि तो भाग अवश्य वाचावा, अशी आमची विनंति आहे.

निरोप व निरोप्या

प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचा एक अत्यंत पातळ पडदा असतो. बाहेरून येणारे बहुतेक निरोप त्या पडद्यांतून आंत शिरूं शकत नाहींत. म्हणून पडद्यांत ठिकठिकाणीं एका विशेष प्रकारचीं प्रथिनें रोंवलेलीं असतात. त्यांस आपण ‘ग्राहक’ म्हणूं. त्यांचें एक टोंक बाहेर असतें व दुसरें आंत. शेजारच्या पेशीनें निरोपाचें प्रथिन सोडलें कीं तें आपल्या जोडीच्या ग्राहकास जाऊन चिकटतें. कुलपास त्याचीच किल्ली लागावी तसें हें आहे. भलत्या ग्राहकास तें लागत नाहीं. किल्ली फिरली कीं ग्राहकाच्या आंतील टोंकांत बदल होतो, व तें पेशीच्या आंतील दुसऱ्या प्रथिनास जागें करितें. दुसरें तिसऱ्यास, तिसरें चौथ्यास. आग लागली असतां विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून पाण्याच्या बादल्या हातोहात पोंचवितात, त्याप्रमाणेंच हें आहे. या रांगेस शास्त्रज्ञ ‘संदेशमार्ग’ असें म्हणतात.

हा निरोप शेवटीं दोन ठिकाणीं पोंचतो. एक ठिकाण म्हणजे पेशीचें केंद्र. तेथें जनुकें असतात. म्हणजे कोणतीं प्रथिनें तयार करावयाचीं याच्या लिखित आज्ञा असतात. निरोप आला कीं कांहीं आज्ञा उघडल्या जातात, कांहीं मिटल्या जातात. या मार्गानें पेशींत होणारा बदल सावकाश, पण दूरगामी असतो. दुसरें ठिकाण म्हणजे पेशीच्या आंतील तंतूंचा सांगाडा. तेथें निरोप पोंचला कीं पेशीचा आकार व तिची दिशा कांहीं क्षणांत वा मिनिटांत बदलते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. निरोप एकच असला तरी सर्व पेशी त्याचा अर्थ एकच घेत नाहींत. शाळेची घंटा एकच वाजते; पण ती ऐकून पहिलीचीं मुलें घरीं जावयास निघतात, आणि दहावीचे विद्यार्थी पुढच्या तासाचें पुस्तक काढतात. ज्या पेशीची जशी पूर्वतयारी, तसें तिचें उत्तर. यामुळें थोड्याशाच निरोपांवर गर्भाचा एवढा मोठा कारभार चालूं शकतो.

हातांत हात

पेशी एकमेकींस ओळखतात काय? या प्रश्नाचें पहिलें मनोरंजक उत्तर एका समुद्रजीवाकडून मिळालें. १९०७ सालीं अमेरिकेंतील विल्सन नांवाच्या शास्त्रज्ञानें जिवंत स्पंज घेऊन तो रेशमाच्या बारीक कापडांतून पिळून काढला. औषध वस्त्रगाळ करावें त्याप्रमाणें स्पंजाच्या पेशी सुट्या होऊन पाण्यांत पडल्या. त्या मेल्या नाहींत. तळाशीं सरपटत त्या पुन्हां एकत्र आल्या, व त्यांचा पुन्हां स्पंज झाला!

पुढें होल्टफ्रेटर या जर्मन शास्त्रज्ञानें बेडकादि उभयचर प्राण्यांच्या गर्भांवर असेच प्रयोग केले. १९५५ साली टाउन्स या सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यानें दाखविलें कीं, कातडीच्या, मज्जेच्या व मधल्या थराच्या पेशी सुट्या करून एकत्र कालविल्या, तर कांहीं काळानें त्या आपोआप निवडल्या जातात. कातडीच्या पेशी बाहेर येतात, मज्जेच्या पेशी आंत जातात, व मधल्या थराच्या पेशी त्या दोहोंच्या मध्यें राहतात. धान्याची मिसळ सुपांत घालून पाखडावी आणि प्रत्येक धान्य वेगळें व्हावें, तसें हें झालें. मात्र येथें पाखडणारा कोणी नाहीं!

याचें मर्म जपानांतील मासातोशी ताकेइची या शास्त्रज्ञाच्या परिश्रमानें उकललें. १९७७ सालीं त्यानें दाखविलें कीं, पेशींस एकमेकींशीं जोडणारी एक व्यवस्था अशी आहे कीं, ती चुन्यांतील मूलद्रव्य जें कॅल्शियम, त्याच्यावांचून चालत नाहीं. त्या व्यवस्थेंतील प्रथिनांस त्यानें पुढें ‘कॅडहेरिन’ हें नांव दिलें. कॅडहेरिन पेशीच्या पडद्यांतून हाताप्रमाणें बाहेर आलेलें असतें. समोरच्या पेशीवर त्याच जातीचें कॅडहेरिन असेल तर दोन्ही हात गुंततात. कॅल्शियम त्या हातांस ताठ ठेवितें. हाताचें आंतील टोंक पेशीच्या सांगाड्यास बांधलेलें असतें, म्हणून ही पकड वरवरची नसते. १९८७ व १९८८ सालच्या प्रयोगांत ताकेइची व त्याचे सहकारी यांनीं सहसा न चिकटणाऱ्या पेशींत कॅडहेरिनचें जनुक घातलें. तेव्हां त्या पेशी एकमेकींस चिकटूं लागल्या. आणि निरनिराळ्या जातींचें कॅडहेरिन दिलेल्या पेशी मिसळल्या असतां त्यांचे वेगवेगळे पुंजके झाले. जात एकच असून कॅडहेरिनचें प्रमाण कमीअधिक असेल, तरीहि पेशी निवडल्या जातात: अधिक घट्ट धरणाऱ्या आंत जातात व सैल धरणाऱ्या त्यांच्याभोंवतीं पसरतात.

उंदराचा गर्भ आठ पेशींचा असतो त्या वेळीं हें उघड दिसतें. त्याआधीं त्या पेशी द्राक्षांच्या घोसाप्रमाणें सुट्या सुट्या दिसतात. मग एका विशिष्ट घटकेस त्या एकमेकींस आवळून धरितात, आणि घोसाचा एक गुळगुळीत गोळा बनतो. हें आवळणें कॅडहेरिनचेंच काम होय.

हात सुटतात

परंतु सर्वच पेशी हातांत हात घालून जागच्या जागीं राहिल्या, तर शरीर घडणार नाहीं. कांहींनीं घर सोडलेंच पाहिजे. अशा प्रवासी पेशींत सर्वांत प्रसिद्ध त्या ‘मज्जाशिखे’च्या पेशी होत.

कोंबडीच्या अंड्यांत पहिला दिवस संपून दुसरा लागतो त्या सुमारास गर्भाच्या पाठीवर एक लांबट पट्टी जाड होते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात व एकमेकींस मिळून एक नळी तयार होते. विड्याच्या पानाची सुरळी करावी तशी. हीच मज्जानलिका. हिच्यापासून मेंदू व पाठीचा मज्जारज्जु होतो. जेथें दोन्ही कडा मिळतात त्या माथ्यावरच्या पेशींचा पट्टा म्हणजे मज्जाशिखा. विल्हेल्म हिस या शास्त्रज्ञानें १८६८ सालीं कोंबडीच्या गर्भांत तिचें प्रथम वर्णन केलें.

आतां निरोपांचें काम पाहा. बाजूच्या कातडीकडून व भोंवतालच्या थरांकडून या पट्ट्यास ‘विंट’ व ‘बी. एम्. पी.’ या नांवांचीं निरोपाचीं प्रथिनें मिळतात. निरोप केंद्रापर्यंत पोंचतो व तेथें ‘स्नेल-२’ नांवाचें जनुक जागें होतें. इंग्रजींत स्नेल म्हणजे गोगलगाय. पण हें जनुक मात्र पेशींस प्रवासास धाडणारें आहे! तें जुन्या कॅडहेरिनच्या आज्ञा मिटवून टाकतें. त्याबरोबर पेशीचे हात सैल होतात, ती आपल्या रांगेंतून निसटते व नलिकेच्या माथ्यावरून बाहेर पडते. १९९४ सालीं कोंबडीच्या गर्भांत या जनुकाचें काम बंद पाडून पाहिलें, तेव्हां या पेशींचें बाहेर पडणें थांबलें. ज्यास घट्ट धरावयाचें त्यास धरावें, व आज्ञा होतांच सोडावें, असा दुहेरी धडा पेशींस येथें मिळतो.

पाऊल पडतें

पेशीस पाय नसतात. मग ती चालते कशी? तिच्या आंत ॲक्टिन नांवाच्या प्रथिनाचे सूक्ष्म तंतू असतात. पुढच्या कडेस हे तंतू भराभर वाढतात व पडद्यास पुढें रेटतात. त्यामुळें पेशीची एक पातळ झालर पुढें पसरते. ती झालर खालच्या भूमीस चिकटते. मग मागील भाग आकसतो व भूमीवरून सुटतो. पुढें पसरणें, धरणें, ओढणें व मागचें सोडणें, हीं तिच्या चालीचीं चार अंगें होत. हात उंचावून दोर धरणारा आणि मग शरीर वर ओढून घेणारा मल्लखांबपटु आठवला म्हणजे कल्पना येईल.

या हालचालींचे मुकादम कोण, तें १९९२ सालीं लंडन येथें रिडली व हॉल यांनीं दाखविलें. ‘रॅक’ नांवाचें लहानसें प्रथिन जागें झालें कीं पेशीची पुढची झालर पसरते, व ‘ऱ्हो’ नांवाचें प्रथिन जागें झालें कीं आंतील तंतू ताणले जाऊन पेशी आकसते. बाहेरचा निरोप ज्या बाजूस रॅकला जागवितो, ती पेशीची पुढची बाजू ठरते.

आतां भूमीचा विचार करूं. पेशींच्या मधल्या जागेंत फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन इत्यादि प्रथिनांचें जाळें अंथरलेलें असतें. तें धरण्याकरितां पेशीजवळ ‘इंटेग्रिन’ नांवाचीं पाउलें असतात. हीं पाउलें पकड तर घेतातच, पण भूमि लागली ही बातमीहि आंत कळवितात. म्हणजे तीं पायहि आहेत आणि निरोप्येहि आहेत. १९८४ सालीं फ्रेंच व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं एक कुशल प्रयोग केला. इंटेग्रिन फायब्रोनेक्टिनचा जो लहानसा भाग धरितें, तेवढाच भाग कृत्रिम रीतीनें बनवून त्यांनीं तो कोंबडीच्या गर्भांत घातला. पाउलांस खोटी भूमि मिळाली. खरी त्यांस धरतां येईना. मज्जाशिखेच्या पेशींचा प्रवास खोळंबला.

एकट्या पेशीची ही चाल झाली. परंतु या पेशी समुदायानें जातात. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत ॲबरक्रॉम्बी या इंग्रज शास्त्रज्ञानें पाहिलें होतें कीं, दोन फिरत्या पेशी एकमेकींवर आदळल्या तर त्या तेथेंच थबकतात व दुसऱ्या दिशेस वळतात. जिवंत गर्भांतील मज्जाशिखेच्या पेशी हाच नियम पाळतात असें २००८ सालीं दिसून आलें. यामुळें गर्दीच्या आंतील पेशी मागें फिरूं शकत नाहींत. कडेवरच्या पेशींस मोकळी जागा फक्त पुढेंच असते, आणि सारा समुदाय पुढें सरकतो. त्याबरोबरच त्या एकमेकींस आकर्षितहि करितात, म्हणून कोणी एकटी फार दूर भटकत नाहीं. वारीच्या दिंडींत माणसें एकमेकांचे पाय तुडवीत नाहींत आणि एकमेकांस सोडूनहि जात नाहींत, तसाच हा प्रकार आहे.

मोकळी वाट व बंद वाट

मज्जानलिकेच्या दोन्ही बाजूंस पेशींचे चौकोनी गठ्ठे माळेच्या मण्यांप्रमाणें ओळीनें मांडलेले असतात. यांस कायखंड म्हणतात. यांच्यापासून पुढें मणके व पाठीचे स्नायू होतात. पोटाच्या बाजूस जाणाऱ्या मज्जाशिखेच्या पेशींस या कायखंडांमधून जावें लागतें. येथें एक विलक्षण गोष्ट दिसते. प्रत्येक कायखंडाच्या डोक्याकडील अर्ध्या भागांतून त्या जातात. शेपटीकडील अर्ध्या भागांत त्या पाऊल टाकीत नाहींत.

याचें कारण असें कीं, शेपटीकडील भागांतील पेशींवर ‘एफ्रिन’ नांवाचें प्रथिन असतें, व प्रवासी पेशींवर त्याचा जोडीदार ग्राहक असतो. त्या दोहोंचा स्पर्श झाला कीं प्रवासी पेशीस मागें हटण्याचा निरोप मिळतो, व तिची पुढची झालर मिटते. १९९७ सालीं शास्त्रज्ञांनीं हा स्पर्श होऊं न देण्याची युक्ति केली, तेव्हां पेशी निषिद्ध भागांतहि शिरल्या. म्हणजे निरोप केवळ “ये” असाच नसतो; “येऊं नको” हाहि निरोपच होय. चांगल्या रस्त्यास जसे मैलाचे दगड लागतात तसें कुंपणहि लागतें.

या कुंपणाचा लाभ काय? आपल्या पाठीच्या कण्यांतून मज्जातंतूंच्या जोड्या मणक्यागणिक नेमक्या अंतरानें बाहेर पडतात, व त्यांच्या गांठीहि तशाच ओळीनें असतात. ही शिस्त मज्जारज्जूंत नसून कायखंडांत आहे. १९८४ सालीं कीन्स व स्टर्न यांनीं कोंबडीच्या गर्भांत, ज्यांचे पुढें कायखंड होणार तो भाग उलटा करून बसविला, तेव्हां मज्जातंतूंनीं जागा बदलली. ते मूळच्या डोक्याकडील भागासच शोधून त्यांतून वाढले. जेथें वाट मोकळी, तेथूनच प्रवास.

मुक्काम

या पेशी शेवटीं कोठें जातात, हें जाणण्यास त्यांच्यावर खूण पाहिजे होती. ती निकोल ल दुआरँ या फ्रेंच विदुषीस लावा पक्ष्यांत सांपडली. जपानी लाव्याच्या पेशीच्या केंद्रांत एक गडद ठिपका असतो. कोंबडीच्या पेशींत तसा नसतो. १९६९ पासून तिनें कोंबडीच्या गर्भांतील मज्जानलिकेचा तुकडा काढून तेथें लाव्याचा तितकाच तुकडा बसविला, व लाव्याच्या पेशी कोठें कोठें पोंचल्या तें सूक्ष्मदर्शकाखालीं ठिपक्यावरून ओळखलें. अशा अंड्यांतून निघालेल्या पांढऱ्या कोंबडीच्या पिलांच्या अंगावर लाव्याच्या रंगाचीं पिसें उगवलेलीं दिसत!

या प्रयोगांनीं मज्जाशिखेच्या संततीची यादी तयार झाली, आणि ती थक्क करणारी आहे. कातडीस रंग देणाऱ्या पेशी, स्पर्श व वेदना कळविणाऱ्या मज्जातंतूंच्या गांठी, मूत्रपिंडावरील ग्रंथींचा आंतील भाग, आंतड्यांस हालविणारें मज्जातंतूंचें जाळें, हृदयांतून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधील पडदा, आणि चेहऱ्याचीं बरींचशीं हाडें व कूर्चा, हीं सर्व तिचीच संतति. आपण ज्यास मनुष्याचा चेहरा म्हणतों, तो पाठीच्या बाजूनें निघून पुढें आलेल्या प्रवासी पेशींनीं घडविलेला आहे. मुक्कामावर पोंचल्यावर पुष्कळ पेशी पुन्हां नव्या जातीचें कॅडहेरिन धारण करितात, एकमेकींचे हात धरितात व स्थिर होतात.

वाट चुकली तर

एवढ्या लांबच्या प्रवासांत कधीं कधीं कांहीं पेशी मुक्कामास पोंचत नाहींत, हें स्वाभाविक आहे. रंगाच्या पेशी पाठीकडून निघून कडेकडेनें पोटाकडे व कपाळाकडे येतात. ‘किट’ नांवाच्या ग्राहकांत दोष असला तर त्यांतील पुष्कळशा वाटेंतच नाहींशा होतात. अशा माणसाच्या कपाळावर जन्मतःच केसांची पांढरी बट असते, व कपाळ किंवा पोट येथें पांढरे पट्टे असतात. हें १९९१ सालीं निश्चित झालें. हा रोग नव्हे. हा स्पर्शानें पसरत नाहीं. महारोगाशीं याचा कांहीं संबंध नाहीं. तरीहि असें मूल वर्गांत आलें असतां त्याच्या बांकावर बसण्यास दुसरीं मुलें कचरतात, ही आपल्या समाजास लाज आणणारी गोष्ट आहे.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. मानवी गर्भाच्या सुमारें चौथ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत मज्जाशिखेच्या कांहीं पेशी मानेच्या भागांतून निघून आंतड्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालत जातात. आंतड्याची भिंत एक निरोपाचें प्रथिन सोडते, व पेशींवर ‘रेट’ नांवाचा ग्राहक असतो. त्या ओढीनें त्या पुढें जातात. त्या शेवटापर्यंत पोंचल्या नाहींत तर आंतड्याचा शेवटचा भाग मज्जातंतूंवांचून राहतो. तो सैल होत नाहीं, मळ पुढें सरकत नाहीं, व बालकाचें पोट फुगतें. कोपनहेगन येथील डॉक्टर हिर्शस्प्रुंग यानें १८८६ सालीं या विकाराचें वर्णन केलें. रेट ग्राहकाच्या जनुकाशीं त्याचा संबंध १९९४ सालीं उघड झाला. सुमारें पांच हजार जन्मांत एका बालकास हा विकार असतो. १९४८ सालीं स्वेन्सन या अमेरिकन शस्त्रवैद्यानें निरुपयोगी भाग काढून चांगला भाग जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तेव्हांपासून असंख्य मुलें वांचलीं आहेत. पालकांनीं एवढें अवश्य लक्षांत ठेवावें: नवजात बालकास जन्मानंतर अठ्ठेचाळीस तासांत पहिली काळसर शौच झाली नाहीं, तर घुटी पाजीत घरीं बसूं नये, तत्काळ डॉक्टर गांठावा.

तिसरें उदाहरण दुभंगलेल्या ओठाचें. गर्भाचा चेहरा एकाच तुकड्याचा तयार होत नाहीं. कपाळाकडून व दोन्ही गालांकडून मज्जाशिखेच्या पेशींनीं भरलेले उंचवटे पुढें वाढत येतात, व सुमारें चौथ्या ते सातव्या आठवड्यांत एकमेकांस मिळतात. हे मिळण्याच्या घटकेस पेशी कमी पडल्या किंवा कडा जुळल्या नाहींत, तर ओठांत फट राहते. टाळूचेंहि पुढच्या आठवड्यांत तसेंच होतें. जगांत सुमारें सातशें जन्मांत एका बालकास ओठाचा किंवा टाळूचा असा दोष असतो. त्याचीं कारणें अनेक व एकमेकांत गुंतलेलीं आहेत: कांहीं आनुवंशिक, तर कांहीं मातेचा मधुमेह, तंबाखूचा धूर किंवा अपस्माराचीं कांहीं औषधें यांसारखीं.

परंतु आपल्याकडे असें मूल जन्मलें कीं घरांतील वडील मंडळी विचारतात, “ग्रहणांत हिनें सुरी धरली होती काय?” पुष्कळ घरीं ग्रहणकाळीं गर्भिणीस अन्नपाण्यावांचून काळोख्या खोलींत बसवून ठेवितात, आणि तरीहि मूल दुभंगलेल्या ओठाचें झालें, तर तिचाच कांहीं नियम चुकला असें ठरवितात. आम्ही येथें स्पष्टपणें सांगतों कीं, चंद्राची किंवा पृथ्वीची सावली गर्भाचा ओठ कापीत नाहीं. ज्या आठवड्यांत हा ओठ जुळावयाचा असतो, त्या आठवड्यांत पुष्कळ स्त्रियांस आपण गरोदर आहों हेंहि पुरतें कळलेलें नसतें. आधींच दुःखानें वांकलेल्या मातेवर अपराधाचें ओझें लादणें हा अन्याय आहे. उलट, तिला पोटभर अन्न द्यावें, आणि गर्भधारणेच्या पूर्वींपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानें फॉलिक आम्लाच्या गोळ्या द्याव्या. मज्जानलिका नीट मिटावी यासाठीं त्यांचा उपयोग होतो हें १९९१ सालच्या मोठ्या चाचणीनें सिद्ध झालें आहे. दुभंगलेला ओठ बहुधा पहिल्या वर्षाच्या आंत, व टाळू सुमारें दीड वर्षाच्या आंत शस्त्रक्रियेनें जोडतां येते. असें मूल शाळेंत यावें, बोलावें, गावें व हसावें यांत कांहींएक अडचण नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून हा भाग संपवूं. गर्भांत योग्य वेळीं जी आज्ञा हितकर, तीच प्रौढ वयांत अवेळीं जागी झाली तर घातक होते. पुष्कळ कर्करोगांत पेशी कॅडहेरिनचे हात सोडतात व मज्जाशिखेच्या पेशींप्रमाणें शरीरभर भटकूं लागतात. १९९८ सालीं न्यूझीलंडांतील माओरी लोकांच्या एका कुटुंबांत, जेथें पोटाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होत असे, तेथें कॅडहेरिनच्याच जनुकांत दोष सांपडला. आतां अशा कुटुंबांतील माणसांची आगाऊ परीक्षा करून त्यांस वांचविणें शक्य झालें आहे. अंड्यांतील ठिपक्याकडे पाहात बसणाऱ्या शास्त्रज्ञांस “यांत काय लाभ?” असें विचारणाऱ्यांस हेंच उत्तर होय.

विद्यार्थ्यांस सूचना

आमच्या विद्यार्थी मित्रांनीं यांतील कांहीं भाग स्वतः पाहावा. कोंबडीखालीं अंडें ठेवल्यास पांच-सहा दिवस झाले म्हणजे रात्रीं काळोखांत तें अलगद उचलून त्याच्या जाड टोंकास विजेची बत्ती लावावी. आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रक्तवाहिन्या व त्यांच्या मध्यें एक काळसर ठिपका दिसेल. अंडें हालवूं नये, आणि मिनिटभरांत पुन्हां उबेंत ठेवावें. कारण तें एका जिवाचें घर आहे, खेळणें नव्हे. दर दोन दिवसांनीं पाहून वहींत चित्र काढावें.

पवित्र शास्त्रांत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत मंडळीस शरीराची उपमा दिली आहे, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. सूक्ष्मदर्शकानें त्या उपमेंत नवा अर्थ भरला आहे. शरीर हें केवळ अवयवांची मांडणी नसून असंख्य लहान जिवांनीं ऐकलेल्या निरोपांचें फळ आहे. त्यांत धरून राहणें जितकें आवश्यक, तितकेंच वेळ येतांच सोडून निघणें आवश्यक. आणि वाटेंतील कुंपणहि वाटेइतकेंच हिताचें. ज्या बालकाच्या शरीरांत कोठें एखादी यात्रा अपुरी राहिली असेल, त्याच्याकडे बोट दाखविण्याऐवजीं, राहिलेलें अंतर त्याच्या बरोबर चालून जाणें हें आपणां सर्वांचें काम आहे.